कार्बन फायबरचं बॉनेट पिवळं पडतं तेव्हा

सात-आठ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या एखाद्या गाडीचं कार्बन फायबरचं बॉनेट जवळ जाऊन बघा. नवं होतं तेव्हा त्यात खोलवर काळी-राखाडी वीण दिसायची, गाडीभोवती फिरलं की तिरक्या रेघा उजळायच्या आणि विझायच्या. आता त्यावर चहाच्या डागासारखी पिवळट झाक आली आहे. मधोमध धुरकट पट्टा पडला आहे, कडेला नखाएवढे पोपडे सुटले आहेत. मालक हळहळतो, कार्बन गेला म्हणतो आणि नव्या बॉनेटची किंमत विचारायला लागतो.

बहुतेक वेळा कार्बनला काहीही झालेलं नसतं. हा धागा उन्हाने पिवळा पडत नाही आणि लोखंडासारखा गंजतही नाही. बिघडतं ते त्याला धरून ठेवणारं रेझिन आणि त्यावरचं पारदर्शक लॅकर. म्हणून या दुरुस्तीचा सगळा भर वरच्या पारदर्शक थरावर असतो. तो थर नवा करायचा आणि खालच्या कापडाला हात लावायचा नाही, हे एक सूत्र सांभाळलं तर जुनं बॉनेट पुन्हा नव्यासारखं दिसतं. ते विसरलं तर एका दुपारच्या घासकामात महागडं पॅनेल कायमचं खराब होतं.

पॅनेलच्या पोटात काय असतं

कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे त्याच्या दहापट जाड. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल नावाचा कृत्रिम धागा आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला शेकतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १००० अंशांच्या वर तापवतात. बाकीचं बहुतेक सगळं उडून जातं आणि कार्बन मागे राहतो. असे ३००० तंतू एकत्र केले की जी चपटी लड तयार होते तिला थ्री-के म्हणतात. स्पोर्ट्स कारच्या दर्शनी भागांवर बहुधा याच लडीचं कापड दिसतं. दोन लडींवरून आणि दोन लडींखालून नेत ट्विल वीण घातली की त्या ओळखीच्या तिरक्या रेघा उमटतात. जीन्सच्या कापडावरच्या तिरप्या रेघाही ट्विल विणीच्याच.

कापड नुसतं असताना कापडासारखंच लोंबतं. त्याला आकार आणि कणखरपणा येतो तो इपॉक्सी रेझिनमुळे. चांगल्या कारखान्यात रेझिन आधीच मुरवलेलं कापड साच्यात थरावर थर बसवतात, त्यावर पिशवी घालून आतली हवा ओढून घेतात आणि सगळा साचा ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक अवाढव्य प्रेशर कुकर. तिथे दाबाखाली, साधारण १२० अंशांच्या आसपास रेझिन घट्ट होतं. बाजारात मिळणारी अनेक स्वस्त बॉनेटं अशी बनत नाहीत. त्यांत वरचा एकच थर कार्बनचा असतो, खाली ग्लास फायबर असतं, आणि रेझिन हाताने लावून खोलीच्या तापमानाला सुकवलेलं असतं. आपलं पॅनेल यांपैकी कोणतं, हे माहीत असायलाच हवं. पुढे भट्टीचा प्रश्न येईल तेव्हा उत्तर त्यावरच ठरेल.

कार्बनच्या तंतूंनी बनलेला आणि रेझिनने बांधलेला असा पदार्थ पोलादाच्या साधारण एक पंचमांश घनतेचा असतो. रेसिंगवाल्यांना तो हवासा वाटला तो यामुळे. १९८१ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी आखलेली मॅक्लारेनची एमपी४/१ ही फॉर्म्युला वनमधली पहिली कार्बन फायबर मोनोकॉक, म्हणजे एकसंध कवच हाच सांगाडा असलेली, गाडी. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांच्या या गाडीला भीषण अपघात झाला, इंजिनाचा भाग तुटून वेगळा झाला आणि वॉटसन मात्र चालत बाहेर आले. कार्बनच्या मजबुतीवर शंका घेणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. १९९२ मध्ये आलेल्या मॅक्लारेन एफ१ मुळे कार्बनची मोनोकॉक रस्त्यावरच्या गाडीत पोचली.

आपल्या विषयाला सगळ्यात उपयोगी उदाहरण मात्र अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर१ चं आहे, २००९ ते २०१३ या काळातल्या. तिचं बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि छत कार्बन फायबरचं होतं. बॉनेट आणि मडगार्डांवर गाडीच्या रंगाचा थर होता, तर छत आणि पुढची खालची ओठासारखी पट्टी यांवर वीण उघडी ठेवून फक्त पारदर्शक लॅकर दिलं होतं. रंगाखालच्या कार्बनला ऊन दिसतच नाही. उघड्या विणीच्या भागांना मात्र त्या पारदर्शक थराशिवाय दुसरा रक्षक नाही. एकाच गाडीवर, एकाच पदार्थाचे दोन भाग वेगवेगळे का म्हातारे होतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

बिघाड कुठून येतो

पहिला शत्रू ऊन. नेहमीच्या इपॉक्सीच्या रेणूंमध्ये बेंझिनसारखी वलयं असतात आणि ती अतिनील किरण शोषून घेतात. त्यातून बंध तुटतात, नवे पिवळट पदार्थ तयार होतात, पृष्ठभाग हळूहळू खडूसारखा भुकटीचा होतो. हे थांबवण्यासाठी वर पॉलियुरेथेनचं लॅकर देतात. चांगल्या लॅकरमध्ये ही वलयं नसलेली जात वापरतात, शिवाय त्यात अतिनील किरण शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. ही रसायनं स्वतः झिजून खालच्या रेझिनला वाचवतात, म्हणजे कधीतरी संपतात. लॅकर जितकं पातळ, तितकं हे कवच लवकर अपुरं पडतं. घासून घासून पॉलिश केलेली गाडी चकचकीत दिसते, पण प्रत्येक पॉलिशबरोबर तिच्या छत्रीचं कापड थोडं विरलेलं असतं.

दुसरा शत्रू उष्णता. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी काळं पॅनेल ७० अंशांच्या पुढे सहज जातं. हाताने घातलेल्या, नीट न भाजलेल्या रेझिनला एवढी ऊब मिळाली की ते थोडं मऊ होतं आणि राहिलेली घट्ट होण्याची क्रिया तेव्हा पुरी करायला लागतं. घट्ट होताना ते आकसतं. धाग्यांच्या मधल्या खळग्यांत रेझिन जास्त, धाग्यांवर कमी, त्यामुळे आकसणंही कमीजास्त होतं आणि काचेसारख्या सपाट पृष्ठभागावर विणीचा ठसा उठतो. बोटाला क्वचितच लागतो, पण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं तर तिची कड दातेरी दिसते.

तिसरा बिघाड खड्यांचा. समोरच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा लॅकरचा टवका काढतो. त्या बारीक भोकातून पाणी आत शिरतं, लॅकर आणि रेझिन यांच्यामधली पकड सुटते आणि टवक्याभोवती पांढरं वर्तुळ पसरत जातं. पोपड्यांची सुरुवात पुष्कळदा अशाच एका टवक्यापासून झालेली असते.

आधी निदान, मग पेपर

पॅनेल साध्या शांपूने धुवा, सिलिकॉन आणि मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा आणि सावलीत ठेवून हातातल्या दिव्याने तिरप्या उजेडात बघा. चार गोष्टी शोधायच्या आहेत.

ओरखडा नखाला अडतो का? अडत नसेल तर तो लॅकरच्या वरच्या भागातच आहे, पॉलिशने जाईल. पिवळेपणा लॅकरमध्ये आहे की त्याखाली? पोपडा सुटलेल्या जागी आतली वीण स्वच्छ काळी दिसली तर दोष लॅकरचा, तिथेही पिवळी दिसली तर रेझिनपर्यंत पोचलेला. पांढरे ठिपके विणीच्या वर आहेत की धाग्यांच्या आत? आत असतील तर तिथे मार बसलेला असू शकतो. आणि शेवटची गोष्ट म्हणजे आवाज. एक नाणं घेऊन पॅनेलवर बोटभर अंतराने हलके ठोके देत जा. धड जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटलेल्या जागी तो बोदा होतो, मडक्याला तडा गेल्यावर होतो तसा.

बोदा आवाज आला, धागे तुटलेले दिसले किंवा कुलपाजवळ आणि बिजागऱ्यांजवळ भेग असली, तर लॅकरचा विचार बाजूला ठेवा. तो ढाच्याचा दोष आहे. कॉम्पोझिट दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे पॅनेल गेलं पाहिजे. भेग लॅकरखाली झाकून गाडी हायवेवर नेणं म्हणजे वेगात बॉनेट उघडून काचेवर आदळण्याची वाट बघणं.

लॅकर किती जाड उरलं आहे हे मोजता आलं तर फार बरं. इथे एक गफलत नेहमी होते. गॅरेजात असतं ते जाडी मोजायचं यंत्र चुंबकावर किंवा धातूतल्या विद्युतप्रवाहावर चालतं, त्यामुळे कार्बनवर त्याचा आकडा विश्वासाचा नसतो. त्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र लागतं. ते नसेल तर लॅकर पातळच आहे असं धरून चाला. कारखान्यातलं लॅकर बहुधा ५० मायक्रॉनच्या आगेमागे असतं, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या निम्म्या जाडीचं.

निदानानंतर तीन वाटा उरतात. वरवरचे ओरखडे असतील तर फक्त पॉलिश. लॅकर निस्तेज किंवा जागोजागी सुटलेलं असेल तर ते काढून नवं लॅकर. रेझिनही पिवळं असेल किंवा विणीचा ठसा उठला असेल तर लॅकर काढायचं, पिवळं रेझिन जपून उतरवायचं, पारदर्शक इपॉक्सीने पृष्ठभाग सपाट करायचा आणि मग लॅकर. ही तिसरी वाट सगळ्यात लांबची, म्हणून पुढे तीच सांगतो. पहिल्या दोन तिच्यातच येतात.

घासायला बसण्याआधी

पॅनेल शक्यतो गाडीवरून उतरवा. उतरवताना बोल्टांखालचे प्लास्टिकचे वॉशर आणि पट्ट्या जपून ठेवा. कार्बन वीज वाहून नेतो. तो ॲल्युमिनियमला थेट टेकला आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम झपाट्याने खंगतं. ते वॉशर दोघांना वेगळं ठेवण्यासाठीच असतात.

धुळीकडे दुर्लक्ष करू नका. कार्बनची भुकटी कातडीला खाजवते, डोळ्यांना झोंबते आणि वीजवाहक असल्याने मशीनच्या मोटरीत किंवा स्विचबोर्डात गेली तर शॉर्ट सर्किट करते. म्हणून शक्यतो पाण्याने घासायचं, तोंडावर धुळीचा चांगला मास्क लावायचा, डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. लॅकर मारताना धोका वेगळा आणि मोठा आहे. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या दोन भागांच्या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे थोडासा वासही त्रास देतो. रंगकामातल्या माणसांना कायमचा दमा देणाऱ्या कारणांत आयसोसायनेटचं नाव वरचं आहे. तोंडाला रुमाल बांधून हे काम करायचं नसतं. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा ओढणारा बूथ नसेल, तर घासणं घरी करा आणि लॅकर मात्र नीट सोय असलेल्या पेंटरकडून मारून घ्या.

जुना रंग उतरवायला वापरतात ते केमिकल इथे चालत नाही. ते इपॉक्सीही खातं. वाळूचा मारा तर बिलकूल नको, तो धागेच उघडे पाडतो.

पाण्याचा रंग बघत घासणं

हे काम हातांइतकंच डोळ्यांचं आहे. ४०० नंबरचा वॉटर पेपर रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळा, बादलीतल्या पाण्यात शांपूचे चार थेंब टाका आणि सपाट भागापासून सुरुवात करा. ठोकळा लागतोच. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाली दाब जास्त पडतो आणि नाल्या तयार होतात.

पहिल्या काही हातांतच पेपरखालून दुधासारखं पांढरं पाणी निघायला लागतं. ते लॅकर आहे. स्पंजाने पाणी मारून बघत राहा. चकचकीत आणि मंद असे ठिपके एकत्र दिसतात. चकचकीत जागा म्हणजे अजून न घासलेले खळगे. हळूहळू सगळा भाग एकसारखा मंद होतो. पिवळं लॅकर निघत जाताना खालची वीण थंड, निळसर काळी दिसायला लागते. दुधाळ पाणी चालू आहे तोवर निर्धास्त असावं.

ज्या क्षणी त्या दुधात राखाडी रेघ दिसेल, त्या क्षणी हात उचला. ती कार्बनची भुकटी आहे, म्हणजे पेपर धाग्याला लागला. तिथे अजून दहा हात मारले तर वरच्या कापडाचे धागे कापले जातील आणि विणीत एक बोथट, पुसट डाग कायमचा राहील. त्यावर कितीही लॅकर चढवलं तरी तो झाकत नाही, उलट भिंगाखाली धरल्यासारखा उठून दिसतो. दर्शनी कापडाचा एक थर साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. हातात एवढीच पुंजी असते.

कडा आणि पॅनेलवरच्या उठावदार रेषा सगळ्यात शेवटी घ्या, मशीन न लावता, ६०० नंबरने, अगदी हलक्या हाताने. ओलं लॅकर कडेवरून ओघळून खाली जातं, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ असतो. कडांना आधी मास्किंग टेप लावून ठेवायची आणि मधलं सगळं झाल्यावर ती काढून चार-पाच हात मारायचे, ही रीत पाळावी. शेवटी सगळ्या पॅनेलवर ६०० नंबर फिरवला की पुढच्या थराला पकड मिळते.

भोकं भरणं आणि सपाटी

घासल्यावर पॅनेल पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा तिरप्या उजेडात बघा. धागे एकमेकांना ओलांडतात त्या कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. रेझिन भरताना अडकलेल्या हवेची ती खूण. ती तशीच ठेवून लॅकर मारलं तर उष्णतेने आतली हवा फुगते आणि ताज्या लॅकरवर फोड येतो. पारदर्शक, अतिनील किरणांना टिकणारं इपॉक्सी घेऊन टूथपिकने एकेक भोक भरा. कंटाळवाणं आहे, पण इथे वाचवलेला अर्धा तास पुढे दोन दिवस खातो.

मग सगळ्या पॅनेलवर त्याच इपॉक्सीचा पातळ, एकसारखा हात द्या. हार्डनरचं प्रमाण काट्यावर तोलूनच घ्या. लवकर वाळावं म्हणून जास्त हार्डनर घातलं तर ते वाळत नाही, चिकट राहतं. दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणासारखी तेलकट साय येते. ती साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजाने धुऊनच पुढे जायचं, नाहीतर वरचा थर पकडत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे हमखास होतं.

इथे घाई टाळण्याचं आणखी एक कारण आहे. रेझिनला जे काही आकसायचं आहे ते लॅकरच्या आधी आकसू द्यायला हवं. इपॉक्सी घट्ट झाल्यावर पॅनेल काही दिवस उबेत ठेवा, ठसा उठायचा असेल तर आत्ताच उठू द्या, आणि मग ४०० ते ६०० नंबरने पुन्हा सपाट करा. आधी ऊब आणि नंतर सपाटी, हा क्रम उलटा केला की पहिल्या उन्हाळ्यातच वीण वर येते.

लॅकरचे हात

धुळीने सगळं बिघडतं, म्हणून बूथची जमीन ओली करा, पॅनेल चिकट फडक्याने पुसा. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. आयसोसायनेटची ओलाव्याशी क्रिया होऊन वायू सुटतो, त्यातून बारीक बुडबुडे आणि धुरकटपणा येतो. पाऊस कोसळत असताना लॅकर मारू नये, यामागचं कारण हेच.

स्प्रे कॅनमधलं बिनहार्डनरचं लॅकर स्वस्त पडतं, पण ते नुसतं सुकतं, रासायनिक रीतीने घट्ट होत नाही. पेट्रोलचा थेंब सांडला तरी विरघळतं. पॅनेलला हवं ते चांगल्या प्रतीचं, हार्डनर मिसळायचं, अतिनील संरक्षण असलेलं लॅकर.

गन पॅनेलपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, काटकोनात धरा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला निम्मा झाकेल असा फिरवा. पहिला हात हलका. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर तार निघण्याइतकं लॅकर चिकट झालं की दुसरा हात भरून द्या, मग तिसरा. प्रत्येक हाताने सुकल्यावर साधारण २० ते ३० मायक्रॉन थर बसतो. पुढे सपाट घासायचं असल्याने तीन हात योग्य. पाच-सहा हात एकदम चढवले तर आतलं थिनर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि लॅकर महिनोन्महिने मऊ राहतं. जास्त जाडी हवीच असेल तर एक दिवस सुकवून, हलकं घासून दुसऱ्या फेरीत द्या.

आता भट्टी. पत्र्याच्या गाडीला पेंटर सरसकट ६० अंशांवर अर्धा तास ठेवतात. ऑटोक्लेव्हमध्ये बनलेलं पॅनेल ते सहन करतं. खोलीच्या तापमानाला सुकवलेलं स्वस्त बॉनेट मात्र त्या तापमानाला मऊ होऊन वाकू शकतं. आपलं पॅनेल कसं बनलं आहे याची खात्री नसेल तर भट्टी नकोच. सपाट आधारावर ठेवून सावकाश सुकू द्या.

पुरेसं घट्ट झाल्यावर १५०० नंबर, मग २०००, मग ३००० असं पाण्याने घासून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा काढा. नंतर कंपाउंड, शेवटी बारीक पॉलिश. बफिंग मशीन एका जागी रेंगाळू देऊ नका. पत्र्यासारखी इथे उष्णता पसरत नाही, एका जागी साठते आणि लॅकर भाजतं. मधूनमधून तळहात ठेवून बघा. चटका बसेपर्यंत थांबायचं नाही, कोमट लागलं की तिथून सरकायचं.

नव्या थराला राखण

संरक्षणाच्या वस्तू तीन, आणि तिन्हींचं काम वेगळं. मेण किंवा सीलंट पाणी घसरवतं, चमक देतं आणि काही महिन्यांत जातं. सिरॅमिक कोटिंग जास्त काळ टिकतं, पक्ष्यांची विष्ठा आणि रसायनं लगेच चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं. पण त्याचा थर अगदी पातळ असतो, खड्याचा मार तो अडवत नाही. विकणारा काहीही सांगो, दगडाविरुद्ध त्याचा उपयोग नाही.

खडा अडवते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक संरक्षक फिल्म, नेहमी १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, म्हणजे लॅकरच्या तिप्पट-चौपट. ती मऊ असल्याने मार पोटात घेते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतात. उघड्या विणीच्या बॉनेटला आणि पुढच्या पट्टीला पैसे घालायचे असतील तर ते आधी फिल्मवर घालावेत. दोन अटी मात्र आहेत. ताज्या लॅकरमधून थिनर बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून लॅकर बनवणाऱ्याने सांगितलेले दिवस, बहुधा महिनाभर, थांबूनच फिल्म लावावी. आणि सुटत चाललेल्या जुन्या लॅकरवर ती कधीही लावू नये, काढताना लॅकरही तिच्याबरोबर निघतं. फिल्म पॅनेलवर ठेवूनच ब्लेडने कापणाऱ्याला काम देऊ नका. आधी मापाने कापून आणलेली फिल्म बसवायला सांगा.

रोजची निगा साधी आहे. सावलीत उभी करा. शांपू सौम्य घ्या, दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक मोजा खळबळून घेण्याची. कोरड्या फडक्याने धूळ झटकू नका, ती धूळ म्हणजे सैल वॉटर पेपरच. बोअरवेलच्या पाण्याने धुतलं तर उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे गोल डाग काळ्या विणीवर सगळ्यात आधी दिसतात. विष्ठा पडली तर ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून मगच उचला. खड्याचा टवका उडाला तर त्याच आठवड्यात लॅकरच्या थेंबाने बंद करा, पाण्याला आत शिरायला वाट देऊ नका.

शेवटी वाचकांना एक विनंती. पॅनेल पिवळं आणि पोपडलेलं होईपर्यंत थांबू नका. वर्षातून एकदा ते धुऊन तिरप्या उजेडात दहा मिनिटं बघा. लॅकर नुसतं निस्तेज झालेलं असताना ते हलकं घासून वर नवा थर देणं हे दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि खालचं रेझिन त्यात शाबूत राहतं. रेझिन पिवळं पडलं की तेच काम काही आठवड्यांचं होतं, आणि पेपर एकदा धाग्यात शिरला की त्या जागी मूळची वीण परत येत नाही.